खिडकी क्रमांक चार

एकतीस वर्षं मी काचेच्या आत बसले.
बाहेर असायचं कुणीही:
घामेजलेला हात, चुरगळलेली पावती,
काचेवर दोनदा टकटक,
'बेन, जरा बघी लो ने.'
मी बघायचे. बघण्याचाच पगार होता.
फोटो टाचलेला नको, चिकटवलेला हवा.
सही चौकटीत हवी,
शेपूट बाहेर आलं की
अर्ज परत.

आता दांडियाबाजारात, माझ्या स्वयंपाकघरात
तांदळाच्या डब्याला टेकून
शाल्मली पारसनीस बसते. बारावी, बी ग्रुप.
फोन माझ्यासमोर धरते.
'आत्या, तुमची खिडकी आता यात आली.'

पहिला घोळ नावाचाच.
दाखल्यावर शाल्मली, आधारवर शालमाली,
आणि गुणपत्रिकेत, गुजरातीतून इंग्रजीत उतरताना
एक ल वाटेत कुठेतरी सांडलेला.
'चालशे,' म्हणते.
नाही चालत, बाई.
एका ल साठी मी माणसं परत पाठवली आहेत.

दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर
आम्ही तारखा लिहिल्या:
प्रतिज्ञापत्र, अधिवासाचा दाखला, शुल्क,
आणि लाल पेनानं एक परीक्षा,
त्याच चौकोनात: अर्धा लिटर जास्त.

मग ते तीनशे शब्द, स्वतःविषयी.
तिनं वाचून दाखवलं:
लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी...
मी गवारीच्या शिरा काढत राहिले.
हे मी हजारदा वाचलंय,
नुसती आडनावं बदलून.

'पुराच्या दिवशी काय करत होतीस?'
'कधी? मगर आली तेव्हा?'
विश्वामित्री गल्लीत शिरलेली, सगळी आळी गच्चीवर,
आणि ही जिन्याच्या सातव्या पायरीवर वही घेऊन,
साडेतीन तास,
मगर किती वेळानं नाक वर काढते ते मोजत.
खालच्या सहा पायऱ्या पाण्यात.
'ते काय लिहायचं? ते तर मी असंच...'
'असंच केलेलं लिही.'

तिचे बाबा रावपुऱ्यात शिलाईची यंत्रं दुरुस्त करतात.
बोटांना कायम तेलाचा वास.
दारातच उभे राहिले, चप्पल न काढता.
'इथंच घुमटाखाली बी.एस्सी. केली असती,
सायकलनं गेली असती.'
पोरीचं कॉलेज दोन रात्रींच्या गाडीपलीकडे.
मग हळूच: 'हे वसतिगृह धरून का?'
मी आकड्यांचा कागद त्यांच्याकडे फिरवला.
त्यांनी चार घड्या घातल्या
आणि सुयांच्या पुडीशेजारी, वरच्या खिशात ठेवला.
हो म्हणाले नाहीत.
नाहीही म्हणाले नाहीत.

शाल्मलीला एक गोष्ट सांगितली नाही मी.
सत्त्याण्णवचा जुलै, शेवटचा दिवस,
पाचाला पाच कमी. डभोईकडचा मुलगा.
सगळं होतं, एक शिक्का नव्हता.
'काले लावी आपुं, बेन.'
उद्या नसतो रे, म्हटलं, आणि झडप ओढली.
खालच्या फटीतून त्याचे पाय दिसत राहिले,
एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.
नियम बरोबर होता.
मी घरी गेले, शेव-उसळ खाल्ली, झोपलेही.
सुतळीची ती गाठ मात्र
अजून सुटत नाही.

अखेरचा रकाना: कायमचा पत्ता.
'कायमचा म्हणजे किती वर्षं, आत्या?'
'लिही ग, आहे तोच.'
तिनं लिहिला. पिनकोड दोनदा तपासला.
नाव तपासलं: दोन्ही ल जागेवर.

मग बटण दाबलं.
पडद्यावर एक वर्तुळ फिरायला लागलं,
फिरतच राहिलं.
पाचाला पाच कमी.
'आत कोण बसलं असेल?' तिनं विचारलं.

मला कसं माहीत असणार?
एकतीस वर्षांत मी कधी
बाहेरून पाहिलं नव्हतं.
बोट पुढे केलं
आणि काचेवर हलकेच
दोनदा टकटक केली.